बांधाच्या आतला बोया

मघाशी तुम्ही विचारलंत ना, की बंदरात बोटींना पाय ठेवायला जागा नाही आणि दगडी बांधाच्या आतला तो कोपरा मात्र मोकळा का. तेव्हा मी विषय बदलला. दिवसाउजेडी सांगण्यासारखं नव्हतं, आणि ज्याची गोष्ट आहे तो माणूस समोरच रंधा मारत बसला होता. आता तो घरी गेलाय. सांगतो. पण उद्या त्याच्या तोंडासमोर यातलं अक्षर काढायचं नाही.

तर आपला मिस्त्री. तुम्ही त्याला बोलताना फारसं ऐकलं नसेल, पण पाच वर्षांपूर्वी हाच माणूस या शेडमधला सगळ्यात बोलका होता. वीस फुटांची जुनी बोट होती त्याची, अठरा वर्षं वापरलेली. आणि त्याच अठरातली शेवटची नऊ वर्षं, दर सुट्टीच्या दिवशी, तो मागच्या शेडमध्ये दुसरी बोट बांधत होता. चाळीस फुटी, शिडाची. बायको तिला सवत म्हणायची. कुणी घरी आलं आणि मिस्त्री कुठे म्हणून विचारलं, की म्हणायची, "गेलेत सवतीकडे. जेवायला येतील, तिला स्वयंपाक येत नाही ना."

बोट पाण्यात उतरली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला. आणि मग प्रश्न आला, की हिला बांधायची कुठे.

जुनी बोट धक्क्याजवळ असायची. ओहोटीला पाणी गेलं की ती निवांत चिखलात बसायची, म्हशीसारखी. नवीला ते चालणार नव्हतं. तिच्या पोटाखाली सहा फूट खोल शिशाचा कणा. चिखलात टेकली की आडवीच व्हायची. दुसरी जागा बंदराच्या तोंडाशी. तिथे खोली भरपूर, पण दिवसातून आठ वेळा फेरीबोट जाते आणि रात्रभर लाटा आत येतात. आणि तिसरी जागा ती. बांधाच्या आतली.

मिस्त्री हा मोजून पाणी पिणारा माणूस. शिशाचा गोळा बांधलेली दोरी घेऊन एका रविवारी सकाळी तो लहान होडीतून निघाला आणि तिन्ही जागा भरतीला मोजल्या, ओहोटीला मोजल्या. आता बोट बोयाला बांधली की ती वाऱ्यासरशी बोयाभोवती फिरत राहते. बोट जेवढी लांब तेवढा फेर मोठा. म्हणून त्यानं दोरी ताणून फेरही मोजला. बांधाच्या आत चार पुरुष पाणी होतं, खाली घट्ट चिखल, लाट शून्य. मधोमध एकच पिवळा बोया, शेवाळानं हिरवा पडलेला. चार वर्षं त्याला कुणी बोट बांधली नव्हती.

एकच खोट होती. वायव्येचा वारा सुटला, तर बोट नेमकी बांधाच्या दगडांकडे तोंड फिरवून नाही, पाठ करून लोंबणार. पाठीमागे दगड, पुढे बोया. म्हणजे सगळी भिस्त बोयावर. बोया म्हणजे तरी काय, वर दिसतो तो नुसता फुगा. खरं काम खालचं. तळाशी काँक्रीटचा मोठा ठोकळा, आणि ठोकळ्यापासून फुग्यापर्यंत साखळी. ती साखळी धड, तर बोट धड.

आणि साखळ्या तपासायचं काम कुणाचं? मिस्त्रीच्या मेहुण्याचं.

बायकोचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा हा तेरा वर्षांचा होता, बहिणीच्या लग्नात तिच्या मागोमाग या घरात आला तो इथेच वाढला. पोहायला मिस्त्रीनं शिकवलं, दोर वळायला मिस्त्रीनं शिकवलं, आणि बंदराच्या कचेरीत पाणबुड्याची नोकरी लागली तीही मिस्त्रीच्या शब्दावर. मुलगा नव्हता त्यांना. गरजच वाटली नाही, असं मिस्त्री म्हणायचा.

सोमवारी मिस्त्री कचेरीत गेला. मेहुणा भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभा होता. मिस्त्रीनं सगळं सांगितलं, मोजमापं दाखवली आणि विचारलं, की तो आतला बोया मिळेल का.

मेहुणा बराच वेळ नकाशाच बघत राहिला. मग म्हणाला, रिकामा तर आहे.

"साखळी कशी आहे?" मिस्त्रीनं विचारलं.

"पाहिलीय मी. मागच्याच महिन्यात. स्वतः खाली उतरून पाहिलीय. तुम्ही बिनघोर बांधा, भावोजी."

झालं. पाणी मोजलं, फेर मोजला, चिखल हातात घेऊन बघितला. साखळी मात्र मोजली नाही, कारण घरच्या माणसाचं काम तपासणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. मिस्त्रीच्या डोक्यात तसं आलंसुद्धा नाही.

आता तो बोया चार वर्षं रिकामा का होता, तेही ऐका. त्याला आधी एका घड्याळजीची बोट असायची. बाजारात त्याचं इवलंसं दुकान होतं, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि रात्री बोटीवर झोपायचा. एकटा जीव. हळू बोलायचा, इतकं हळू की दुकानात सगळी घड्याळं टिकटिकत असताना त्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. एका वादळी रात्री त्याची बोट सुटली आणि बांधावर आपटून फुटली. सकाळी बोटीच्या फळ्या सापडल्या, तो तिसऱ्या दिवशी सापडला. चौकशी झाली. मेहुण्यानं सांगितलं, साखळी शाबूत आहे, गाठ सुटली असणार. मिस्त्री जाणता माणूस म्हणून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "ज्याला गाठ मारता येत नाही त्यानं बोटीवर झोपू नये." हे वाक्य मग बंदरभर झालं. पोरं दोर बांधायला चुकली की त्यांना घड्याळजी म्हणायचे. मीही म्हटलंय. कशाला खोटं बोलू.

असो. नवी बोट त्या बोयाला लागली. आठ दिवस छान गेले.

नववा दिवस. सतरा ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आला, की मध्यरात्रीनंतर वायव्येचा जोरदार वारा सुटेल. मिस्त्रीनं ठरवलं, की आज बोटीवरच झोपायचं. इंजिन अजून बसायचं होतं, मोठा नांगर अजून कारखान्यातून यायचा होता, तेव्हा निदान डोळ्यांनी तरी लक्ष ठेवू. बायकोनं डबा भरून दिला नाही. तेवढ्यानं तो थांबेल असं तिला वाटलं असावं. "आजची रात्र घरी झोपा," म्हणाली. का, ते सांगितलं नाही. तो हसला, सवतीचा मत्सर बरा नव्हे म्हणाला आणि बिस्किटांचा पुडा घेऊन निघाला.

रात्री साडेअकराला तिचा फोन आला. परत या, म्हणाली. तो म्हणाला, आता या वाऱ्यात लहान होडीतून यायचं म्हणजे जास्त धोका, इथे मी सुखात आहे. फोन चालू होता. तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, "अहो, ऐका ना..."

"बोल."

"...काही नाही. झोपा."

मिस्त्री कपड्यांनिशी केबिनमध्ये आडवा झाला.

एकच्या सुमाराला वारा फिरला. वायव्य. बोटीनं पाठ दगडांकडे केली. दोर ताणला गेला, लाकूड कुरकुरलं. मिस्त्रीला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. आपण बांधलेल्या बोटीचा प्रत्येक आवाज कुठल्या सांध्याचा ते त्याला पाठ होतं. तो मोजत पडून राहिला.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक हिसका बसला.

मोठा नाही. झोपेत कुणी कूस बदलावी तेवढा. पण त्यानंतर कुरकुर थांबली. सगळीच. आणि बोट हलकी झाली. तळपायाला कळतं ते. तो उठून बसला. बोट मागे निघाली होती. हळूहळू... मग जोरात.

तो धावत डेकवर आला. वारा असा, की तोंड उघडलं तर श्वास आत ढकलला जावा. मागे वळून बघितलं तर दगडांवर पांढरा फेस. पन्नास हात. चाळीस. काही करण्यासारखं हाताशी नव्हतं. शीड चढवायलाही वेळ नव्हता. त्यानं डोलकाठी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले.

आणि बोट थांबली.

धडकली नाही. थांबली.

वारा तसाच. फेस तसाच, तीस हातांवर. आणि नऊ टनांची बोट जागच्या जागी, टेबलावर ठेवल्यासारखी. मिस्त्रीला वाटलं, साखळी कुठे तरी तळाशी अडकली. देव पावला. तो धरत धरत पुढच्या टोकाशी गेला आणि टॉर्च मारला.

दोर सैल होता. बोयापासून बोटीपर्यंत पोट काढून पाण्यात लोंबत होता. बोया बोटीला घासत नुसता डुलत होता.

म्हणजे पुढून बोटीला काहीही धरलेलं नव्हतं.

मिस्त्री तिथेच गुडघ्यांवर बसला. कितीतरी वेळ. टॉर्चचा उजेड त्या सैल दोरावर तसाच.

मग मागून आवाज आला.

बोटीच्या मागच्या टोकाकडून. डेकवरून नाही. खालून, पाण्याच्या बाजूनं. जड कपाट जिन्यावरून चढवणारा माणूस मधेच थांबून दम खातो ना... तसा. एकदा. मग पुन्हा.

मेहुणा होडी घेऊन आला असेल, असं त्याला वाटलं. आपल्या काळजीनं आला असेल. तो न वळताच म्हणाला, "आलास का रे?"



पुन्हा तो दम.

मग, अगदी हळू... एवढ्या वाऱ्यात ऐकू येऊ नये इतकं हळू, पण ऐकू आलं.

"माझी गाठ सुटली नव्हती, मिस्त्री."

मिस्त्रीनं टॉर्च बंद केला. का, ते त्याला आजही सांगता येत नाही. पण वळून बघायचं नाही, एवढं कळलं होतं.

"तुम्ही म्हणालात... सुटली."

मिस्त्री म्हणाला, "मला तसं सांगितलं होतं."

"कुणी?"

वारा... फेस... नाव मिस्त्रीच्या तोंडाशी आलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. कारण ते नाव घेतलं की बाकीचं सगळंच कळणार होतं. ही साखळी का तुटली ते. तो नकाशाकडे तोंड करून का उभा होता ते.

"मीही त्यालाच विचारलं होतं," आवाज म्हणाला. "म्हणाला... पाहिलीय. बिनघोर बांधा."

त्यानंतर शब्द नाही. फक्त दम. मधूनमधून. तीनला. साडेतीनला. मिस्त्री पाठ करून बसलेला. एकदा तो पुटपुटला, "माझं चुकलं." चारला त्याचे पाय बधिर झाले. तो हलला नाही. मागे दम चालूच... आता जास्त वेळ लागत होता, दोन दमांच्या मधे.

साडेपाचला वारा पडला. पूर्व जरा पांढरी झाली. आणि एका क्षणी मिस्त्रीच्या तळपायांना कळलं, की बोट पुन्हा हलकी झालीय. ती संथपणे तरंगत निघाली होती, मोकळी, पाण्यावर टाकलेल्या पानासारखी. मागे काही आवाज नव्हता.

मासे घेऊन परतणाऱ्या एका बोटीनं त्याला ओढून धक्क्याला आणलं. तिथे त्यानं तो पिवळा बोया वर ओढला. साखळी सहज आली. जेमतेम सात हात. शेवटची कडी झिजून तारेएवढी झालेली, आणि तिथेच तुटलेली. गंज असा, की एका महिन्यात सोडा, चार वर्षांत कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. ते सात हात खांद्यावर टाकून तो चालत घरी गेला.

स्वयंपाकघरात दिवा होता. टेबलाशी मेहुणा बसला होता, पायात बूट. समोर बायको, कालच्याच साडीत. दोन कप भरलेले, थंड झालेले. दोघांनी दाराकडे बघितलं.

मिस्त्री मला म्हणाला, "रात्री जे ऐकलं त्यानं मी घाबरलो. पण त्या दोघांना तसं जागं बसलेलं बघितलं ना, तेव्हा माझ्यातलं काहीतरी गेलं." कारण ज्याला काही माहीत नसतं तो झोपलेला असतो. ते दोघं जागे होते. वाट बघत होते. त्याची म्हणा, नाहीतर बातमीची.

त्यानं साखळी टेबलावर ठेवली.

मेहुणा रडला नाही, पाया पडला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. घड्याळजीच्या वेळीही त्यानं हाच बोया न बघताच बघितला असं कळवलं होतं. दुपारी ऊन होतं, कंटाळा आला, एवढंच कारण. बोट फुटलेली आधी त्यालाच दिसली. वारा पडताच, उजाडायच्या आत त्यानं साखळीचा तुटका भाग काढून उरलेली तशीच जोडून टाकली आणि गाठ सुटली म्हणून सांगितलं. त्यानंतर तो त्या जागी कधी खाली उतरला नाही. "उतरवत नाही मला तिथे," म्हणाला.

"मग बोया द्यायचा नाहीस. नाही म्हणायचंस."

"नाही म्हटलं असतं, तर तुम्ही का म्हणून विचारलं असतंत, भावोजी."

मिस्त्रीनं बायकोकडे बघितलं. तिला चार वर्षांपासून ठाऊक होतं. ज्या रात्री घड्याळजी गेला त्याच रात्री भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं बोलला होता, आणि तिनं ते पोटात घातलं होतं. काल रात्री फोनवर ते ओठांपर्यंत आलं होतं.

"मला एकच भाऊ आहे हो," ती म्हणाली.

आणि मी? असं विचारावंसं मिस्त्रीला वाटलं. विचारलं नाही. रात्रभर भुताकडे पाठ करून बसलेल्या माणसाला त्या एका उत्तराची भीती वाटली.

तो तसाच उलट पावली कचेरीत गेला आणि लेखी जबाब दिला. घड्याळजीची एक म्हातारी बहीण दूरच्या गावी असायची. दोन दिवसांचा प्रवास करून मिस्त्री तिच्याकडे गेला आणि दारातच उभा राहून म्हणाला, की तुमच्या भावाची गाठ सुटली नव्हती, मी खोटं बोललो होतो. तिनं त्याला आत घेतलं नाही. बरोबरच होतं, म्हणतो तो. मेहुण्याची नोकरी गेली, तो गाव सोडून गेला. बायको आहे. घरही आहे. मिस्त्री जेवायला जातो. ती वाढते, तो जेवतो. झोपायला मात्र बोटीवर येतो. बोट आता बंदराच्या तोंडाशी असते, फेरीबोटीच्या लाटा खात. तिथली साखळी तो स्वतः बुडी मारून दर महिन्याला बघतो.

हे सगळं मिस्त्रीनं सांगितलेलं. वादळात माणसाला काय काय ऐकू येतं, असं मीही म्हणालो असतो. त्याला तोंडावर म्हणालोही होतो.

पण तीन आठवड्यांनी ती बोट रंगाला वर ओढली, तेव्हा घासायला मी होतो. मागच्या बाजूला, दगडांकडे होती त्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर माझा हात खोलगट जागेत गेला. शेवाळ पुसलं. रंग तडकलेला नव्हता, लाकूड चिरलेलं नव्हतं. नुसतं दबलं होतं... ओल्या मातीत दबावं तसं. सागवान आहे ते, हातोडीनंसुद्धा तसं दबत नाही. मी मिस्त्रीला हाक मारली. तो आला, बघितलं, आणि माझ्या हातातला घासकागद काढून घेतला.

दोन पंजे होते. शेजारी शेजारी. बोटं पसरलेली, वरच्या दिशेला. आणि तळहाताचा खालचा भाग सगळ्यात खोल गेलेला.